तुमचं काय जातं?

मामा पंखा दुरुस्त करायला निघाला की आधी स्टुलापाशी जुना टॉवेल अंथरतो. त्यावर हत्यारं ओळीनं लागतात. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एक टेस्टर, एक पाना आणि काळ्या टेपचं रीळ. मग तो मोठ्यानं मोजतो, "सहा." काम आटोपलं की पुन्हा मोजतो, आणि पुन्हा सहा भरल्याशिवाय बटणाला कुणी हात लावायचा नाही. मामी म्हणते, घरचा पंखा आहे, उडून जाणार आहे थोडाच. पण मामानं सव्वीस वर्षं लष्करात चेतक हेलिकॉप्टरांच्या पोटात हात घालून काढली आहेत. तिथं एक पाना आत विसरला, आणि तो उडताना सरकून भलत्या दांड्यात अडकला, तर पुढचं सांगायला कुणी उरत नाही. नोकरी सुटली, मोजणं सुटलं नाही.

त्या दिवशी बॅटरी धरायचं काम माझ्याकडं होतं. मी गेले काही दिवस एका विषयाच्या मागं लागले होते: ब्रिटननं आपल्या तिन्ही दलांची रणांगणावरची हेलिकॉप्टरं उचलून एकाच संयुक्त कमांडखाली आणली, त्याचं पुढं काय झालं. वर बघत मामाला विचारलं, तुला काय वाटतं, असं एकत्र करावं का? तोंडात स्क्रू धरून तो एवढंच म्हणाला, "बारभाईची शेती, काय लागेल हाती."

मला ते पटलं नाही. पण उत्तर सुचायला बरेच दिवस लागले.

भांडण हेलिकॉप्टरवरूनच का होतं, ते आधी बघायला हवं. रणगाडा कुणाचा यावरून वाद नाही, पाणबुडीवरून नाही. लढाऊ विमानावरूनही फारसा नाही. हेलिकॉप्टरचं तसं नाही. ते उडतं म्हणून हवाई दलाला वाटतं आपलं, जहाजाच्या डेकवर मुक्काम करतं म्हणून नौदलाला वाटतं आपलं, आणि त्यात बसणारा, त्यातून उतरणारा, जखमी होऊन पुन्हा त्यातच आडवा होणारा माणूस बहुतेक वेळा पायदळातला. विमानाचं काम आभाळात होतं. हेलिकॉप्टरचं काम सुरू होतं ते चाकं जमिनीला टेकली की. म्हणजे मालक आभाळाकडचा आणि गरज मातीकडची. असल्या संसारात कुरबुर व्हायचीच.

अमेरिकेत तर ६ एप्रिल १९६६ रोजी लष्करप्रमुख जॉन्सन आणि हवाई दलप्रमुख मॅक्कॉनेल यांनी चक्क वाटणीपत्रावर सह्या केल्या. लष्करानं आपली कॅरिबू ही मालवाहू विमानं हवाई दलाला द्यायची, आणि हवाई दलानं लष्कराच्या हेलिकॉप्टरांवरचा हक्क सोडायचा. व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेलं, आणि इकडं दोघा भावांची वाटणी चाललेली. आपल्याकडं लष्कराचा हवाई विभाग स्वतंत्र 'कोअर', म्हणजे लष्कराचीच वेगळी शाखा, झाला १ नोव्हेंबर १९८६ रोजी. तरी मोठी, हल्ला करणारी हेलिकॉप्टरं हवाई दलाकडंच राहिली. एमआय-२५ आणि एमआय-३५ ची व्यवस्था अशी होती की यंत्र हवाई दलाचं, वैमानिक हवाई दलाचे, आणि लढाईतला हुकूम लष्कराचा. अपाची आली तेव्हा २२ हवाई दलाकडं गेली आणि लष्करानं नंतर स्वतःसाठी वेगळी ६ मागवली. मार्च २०२५ मध्ये १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचा करार झाला, त्यातली ९० लष्कराची, ६६ हवाई दलाची. बनावट एक, कारखाना एक, मालक दोन. यात चूकच आहे असं मला म्हणायचं नाही. डोंगरातल्या लढाईला आपल्या हाकेच्या अंतरावर आपलंच यंत्र हवं, हे लष्कराचं म्हणणं मला समजतं. 'माझं आहे' याचा अर्थ तिथं 'वेळेला मिळेल' एवढाच असतो.

"बॅटरी जरा डावीकडं," मामा म्हणाला. आणि मग आपण काही विशेष सांगतोय असं न दाखवता त्यानं सांगायला सुरुवात केली.

पहाटेची वेळ. चेतक तयार करायचं होतं. त्यानं गिअरबॉक्सचा मॅग्नेटिक प्लग काढला. किती मोठा, तर त्यानं टेस्टरचं टोक चिमटीत धरून दाखवलं. हा प्लग म्हणजे तेलात बुडालेलं चुंबकाचं बोंड. गिअरबॉक्सच्या आत एखादा दाता किंवा बेअरिंग झिजायला लागलं की लोखंडाचा चुरा तेलाबरोबर फिरत येऊन त्याला चिकटतो. काळसर, मऊ लव दिसली तर ती पुसायची, नोंद करायची आणि पुढं व्हायचं. चकाकणारी कपची दिसली तर थांबायचं.

"त्या दिवशी धड लवही नाही आणि धड कपचीही नाही," मामा म्हणाला. "बोटावर घेऊन चोळलं, तर टोचलं."

त्यानं सही केली नाही. तेल काढा, गाळा, नवं भरा, जमिनीवरच इंजिन चालवा, पुन्हा प्लग बघा. म्हणजे तीन तास गेले. हेलिपॅडवर एक अधिकारी येरझारा घालत होता. दुसऱ्या दलाचा, दुसऱ्या गणवेशातला. त्याची माणसं पुढं कुठंतरी अडकली होती आणि हे हेलिकॉप्टर त्यांच्यासाठी होतं. दोनदा विचारून झाल्यावर तिसऱ्यांदा तो मामाच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, "तुमचं काय जातं?"

दुसऱ्या वेळी प्लग स्वच्छ निघाला. मामानं सही केली, हेलिकॉप्टर गेलं. त्या माणसांचं पुढं काय झालं ते मामाला कधी कळलं नाही. गिअरबॉक्समध्ये खरंच काही बिघडलं होतं का, तेही कळलं नाही. तो पुढं ओव्हरहॉलला गेला आणि त्याचे कागद याच्यापर्यंत फिरून आलेच नाहीत.

"तू बरोबर होतास ना पण?"

"कोण जाणे, बाई. त्याला माझा प्लग दिसत नव्हता आणि मला त्याची माणसं दिसत नव्हती."

तेव्हापासून सैन्यदलांच्या रचनेचे ते चौकोन आणि रेघांचे तक्ते मी बघते तेव्हा मला त्यात ते हेलिपॅड दिसतं. संयुक्त कमांड म्हणजे नेमकं काय, तर प्लग आणि माणसं दोन्ही एकाच वेळी दिसतील असा कुणीतरी एक नेमणं. विमानं कुणाच्या नावावर, कार्यालय कुठं, झेंडा कुठला, हे सगळं त्यानंतरचं.

असा कुणी नसला की काय होतं, त्याचं सगळ्यात कडू उदाहरण इराणच्या वाळवंटात आहे. २४ एप्रिल १९८०. तेहरानमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकी नागरिकांना सोडवायला निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरं उडाली. हेलिकॉप्टरं नौदलाची, तीही मूळची सुरुंग काढण्याच्या कामाची. ती चालवणारे बहुतेक वैमानिक मरीन कोअरचे, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या वेगळ्या दलाचे. त्यांना इंधन पुरवणारी मालवाहू विमानं हवाई दलाची. आत शिरून सुटका करणारे कमांडो लष्कराचे. सगळ्यांनी मिळून पूर्ण मोहिमेची एकत्र रंगीत तालीम एकदाही केलेली नव्हती. या जुळणीमागं प्रत्येक दलाला वाटा मिळावा हा विचार होता असं पुष्कळ जण म्हणतात. तो नसेलही, पण जेवणावळीत प्रत्येकाला एक काम नेमून द्यावं तसं ते दिसतं खरं.

त्या हेलिकॉप्टरांची पाती आतून पोकळ होती आणि त्या पोकळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असे. पात्याला केसाएवढी भेग पडली तरी वायू निसटतो, दाब उतरतो आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. मामाच्या प्लगचाच थोरला भाऊ म्हणायचा. रात्री वाळवंटावरून जाताना एका हेलिकॉप्टरमध्ये हा दिवा लागला. वैमानिकांनी ते खाली उतरवलं, तिथंच सोडलं आणि दुसऱ्यात बसून पुढं गेले. एक धुळीच्या वादळात उपकरणं बिघडून परत फिरलं. सहा पोचली. त्यातल्या एकाचं हायड्रॉलिक निकामी झालेलं. उरली पाच, आणि मोहिमेला किमान सहा हवी होती. मोहीम रद्द झाली. निघताना धुळीत एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळलं आणि आठ जण गेले, पाच हवाई दलाचे, तीन मरीन. त्या अंधारात, सुरू इंजिनांच्या गोंगाटात, जमिनीवर उभ्या असलेल्या एवढ्या दलांच्या माणसांत शेवटचा शब्द नक्की कुणाचा, हेसुद्धा सगळ्यांना नीट ठाऊक नव्हतं.

दिवा लागल्यावर हेलिकॉप्टर सोडणाऱ्या वैमानिकांना मी दोष देणार नाही. त्यांच्या जागी मामा असता तर त्यानंही तेच केलं असतं. पण तो 'नाही' मोहिमेच्या हिशेबात आधीच धरायला हवा होता, आणि तो धरणारा एकच माणूस असायला हवा होता. या राखेतूनच १९८१ मध्ये अमेरिकी लष्करानं रात्री उडणाऱ्या विशेष हेलिकॉप्टरांची तुकडी उभी केली, आणि १९८७ मध्ये सगळ्या दलांच्या विशेष पथकांसाठी एक संयुक्त कमांड. सात वर्षं लागली. वाटणीपत्रं लवकर होतात, एकत्र येणं सावकाश होतं.

उलट टोकाची एक गोष्ट आहे, ती मला जास्त आवडते. १८ ऑगस्ट १९६६, व्हिएतनाममधलं लाँग टान. ऑस्ट्रेलियाच्या एका कंपनीचे १०८ जण रबराच्या बागेत मोठ्या फौजेशी भिडले आणि त्यांचा दारूगोळा संपत आला. वरून पाऊस कोसळत होता. त्या दिवशी तळावर गाण्याचा कार्यक्रम होता आणि कलाकारांना घेऊन आलेली हवाई दलाची दोन इरोक्वा हेलिकॉप्टरं तिथंच उभी होती. ती अशा आगीत पाठवावीत का, यावर वर खल झाला. हवाई दलाचे नियम ती उगाच धोक्यात घालू नका म्हणत होते. अखेर वैमानिक स्वतःहून तयार झाले. गोळ्यांच्या पेट्या घोंगड्यांत गुंडाळल्या, हेलिकॉप्टरं झाडांच्या शेंड्यांवर टेकल्यासारखी आली आणि पेट्या खाली सोडल्या. घोंगडी का, तर वरून पडताना पेट्या फुटू नयेत आणि नंतर तीच घोंगडी जखमींवर पांघरता यावीत.

हवाई दल या दिवसाचा अभिमान बाळगतं, आणि बाळगावाच. पण पायदळाच्या आठवणीत राहिला तो त्याआधीचा खल. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, ऑस्ट्रेलिया सरकारनं रणांगणावरची हेलिकॉप्टरं हवाई दलाकडून काढून लष्कराला द्यायचं ठरवलं. कारणं बरीच होती. पण मला वाटतं फायलींच्या तळाशी ती घोंगडी असणारच.

आता ब्रिटन. १९९८ च्या संरक्षण आढाव्यात ठरलं आणि १ ऑक्टोबर १९९९ रोजी जॉइंट हेलिकॉप्टर कमांड सुरू झाली. हवाई दलाची चिनूक आणि प्यूमा, लष्कराची लिंक्स आणि गझेल, मागाहून अपाची, आणि नौदलाची कमांडोंना नेणारी सी किंग. सगळ्यांचं प्रशिक्षण, सज्जता, कुठली तुकडी कधी पाठवायची, हे एका छपराखाली. ते छप्पर लष्कराच्या घरात. गंमत अशी की नेदरलँड्सनं २००८ मध्ये असंच केलं, तर त्यांनी ते हवाई दलाच्या घरात ठेवलं. म्हणजे घर कुणाचं याला फार महत्त्व नाही. महत्त्व आहे ते काय बाहेर ठेवलं याला. ब्रिटिशांनी पाणबुड्या शोधणारी हेलिकॉप्टरं नौदलाकडंच राहू दिली, कारण ती जहाजापासून तोडली तर निम्मी आंधळी होतात.

आणि त्यांनी गणवेशाला हात लावला नाही. नौदलाचा वैमानिक नौदलाचाच राहिला, त्याच्या हुद्द्यासकट, त्याच्या स्क्वाड्रनच्या क्रमांकासकट, त्याच्या टोपणनावासकट. मलाया आणि बोर्निओच्या रानात उडालेल्या त्यांच्या स्क्वाड्रनना 'जंगली' म्हणतात. आपल्याकडून गेलेला शब्द रानावनांतून फिरून बिल्ला होऊन बसला, याचं मला उगाच बरं वाटतं. कमांडचा प्रमुख कधी हवाई दलातून आला, कधी लष्करातून, कधी नौदलातून. पहिला हवाई दलाचा होता. लष्कराच्या घरात पहिली गादी हवाई दलाच्या माणसाला. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला माणसं ओळखता येत असली पाहिजेत.

वर्षभरात परीक्षा झाली. १० सप्टेंबर २००० रोजी सिएरा लिओनमध्ये ओलीस ठेवलेल्या ब्रिटिश सैनिकांना सोडवायचं होतं. तीन चिनूक हवाई दलाची, दोन लिंक्स लष्कराची, आत कमांडो आणि छत्रीधारी सैनिक. पहाटे हेलिकॉप्टरं नदीवरून खालून आली, पात्यांच्या वाऱ्यानं झोपड्यांची छपरं उडाली. एक सैनिक गेला, ओलीस जिवंत सुटले. इराणशी त्याची तुलना करणं पूर्ण न्याय्य नाही. अंतर कमी होतं, शत्रू लहान होता. पण इथं कुणाचा दिवा कुणाला कळत नाही, असं झालं नाही.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं, चला, मामाची म्हण खोटी पडली. पण मग मी चिनूकच्या पुढच्या कथा वाचल्या.

ब्रिटननं १९९५ मध्ये आठ खास चिनूक मागवली. २००१ पासून ती मिळाली, आणि त्यांच्या कॉकपिटमधलं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे हे सिद्धच करता येईना. स्वच्छ हवेत, ठराविक उंचीच्या वरच उडायची परवानगी. असलं हेलिकॉप्टर युद्धात काय कामाचं? ती कित्येक वर्षं हँगरमध्ये झाकून राहिली, आणि तिकडं अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पुरत नाहीत म्हणून २००९ मध्ये संसदेत रणकंदन चाललं. कमांड असते ती असलेलं वाटायला. नसलेलं ती कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

कॅनडाची कथा तर रडावं की हसावं अशी. त्यांनी १९६८ मध्ये तिन्ही दलं एक करून टाकली, पुढं हेलिकॉप्टरं हवाई विभागाकडं गेली. १९९१ मध्ये काटकसर म्हणून चिनूक निवृत्त केली आणि त्यातली सात नेदरलँड्सला विकली. मग कंदाहारमध्ये सुरुंगांनी पेरलेल्या रस्त्यांवरून कॅनडाचे सैनिक ट्रकनं जात होते, आणि अधूनमधून त्यांना उचलून नेत होती ती डच चिनूक. आपणच विकलेल्या गाडीला हात दाखवून थांबवायचं. २००८ मध्ये माजी मंत्री जॉन मॅनली यांच्या समितीनं सांगितलं, हेलिकॉप्टरं मिळाली नाहीत तर इथं थांबू नका. तेव्हा अमेरिकेकडून सहा वापरलेली चिनूक घेतली. एकत्र असूनही हे झालं. काटकसरीची यादी बनली त्या खोलीत ट्रकमध्ये बसणारा कुणी नव्हता. 'तुमचं काय जातं' हा प्रश्न तिथं विचारायला हवा होता, आणि त्या वेळी तो अगदी रास्त ठरला असता.

आणखी एक गोष्ट माझ्या मूळ उत्तराला छेद देते. प्लग आणि माणसं दोन्ही दिसणारा एक साहेब हवा, असं मी वर म्हटलं. पण त्या साहेबावर मोहिमेचा दाब असेल तर तो प्लगकडं कशा नजरेनं बघेल? मामा नको म्हणू शकला, कारण तो अधिकारी त्याचा साहेब नव्हता. दोन दलांच्या मधल्या फटीत त्याची सही सुरक्षित होती. फट बुजवली की हेही जातं. सप्टेंबर २००६ मध्ये अफगाणिस्तानवर ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड विमान पेट घेऊन पडलं, चौदा जण गेले. ते हेलिकॉप्टर नव्हतं आणि त्या कमांडचंही नव्हतं. पण त्यावर चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी २००९ मध्ये दिलेल्या अहवालानंतर ब्रिटननं सैनिकी उड्डाणाच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारी एक वेगळीच संस्था काढली, मोहिमा चालवणाऱ्यांपासून अलग. म्हणजे आधी सगळं एका हाताखाली आणलं, आणि मग त्या हाताला नाही म्हणू शकेल असं कुणीतरी मुद्दाम बाहेर बसवलं. फट बुजवली आणि मग मोजून-मापून पुन्हा ठेवली.

हे सगळं मी मामाला सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी, पंखा पुन्हा दुरुस्तीला निघाला तेव्हा, थोडं फुशारकीनंच. पंखा बसवून मामा खाली उतरून हात पुसत होता. त्यानं ऐकून घेतलं. "मग सही कुणाची?" एवढंच विचारलं.

"कशावर?"

"यंत्रावर गं. एवढं सगळं झाल्यावर."

मी म्हटलं, तुझ्यासारख्याचीच. दुसऱ्या कुणाची असणार?

"हं," म्हणून तो टॉवेलापाशी बसला आणि मोजायला लागला. मामीचा हात बटणाकडं गेला होता. उकाडा मरणाचा होता. सगळे घामानं निथळत होते.

"पाच," मामा म्हणाला.

मामीनं कपाळावर हात मारला. स्टुलाखाली बघितलं, खाटेखाली बघितलं, पंख्याच्या वाटीत पुन्हा बॅटरी मारून बघितलं. छोटा स्क्रू ड्रायव्हर कुठंच नव्हता. "अहो, पंखा आहे तो," मामी म्हणाली, "लावू द्या आता. तुमचं काय जातं?"

मामानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि टॉवेल उचलून, झटकून, पुन्हा अंथरून तो पहिल्यापासून मोजायला लागला.